नकोशी? – हजर!

गुरुजी हजेरीपटावरचं नाव वाचतात, पोर ‘हजर’ म्हणते, गुरुजी पुढच्या नावाकडे वळतात. यात थांबून ऐकावं असं काही नाही. फक्त नाव ‘नकोशी’ असलं की हाच संवाद कानाला टोचतो. ‘नकोशी?’ ‘हजर.’ शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीची २२० दिवस भरायला हवी. एकही दांडी न मारणाऱ्या मुलीने आठवी होईपर्यंत हे उत्तर १,६६० वेळा दिलेलं असतं. घरातली, पाणवठ्यावरची, रेशनच्या दुकानातली हाक यात धरलेली नाही.

नावाचा आयुष्यावर परिणाम होतो का, असा विषय निघाला की गप्पा बहुतेक वेळा राशी, आद्याक्षर आणि अंकशास्त्राकडे वळतात. तिकडे जाण्याआधी जरा साताऱ्याकडे जाऊ. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एका कार्यक्रमात २८५ मुलींचं नव्याने नामकरण झालं. या सगळ्यांची नावं नकोशी, नकुशा, नकुसा अशी होती. गावोगावच्या याद्या करून जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने त्यांना शोधून काढलं होतं. प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. कुणी वैशाली झाली, कुणी सावित्री, कुणी सिनेमातली ऐश्वर्या निवडली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ९१३ होता. म्हणजे २८५ हा आकडा ज्या मुली जन्माला आल्या आणि जगल्या, त्यांचा. नकोशी असूनही त्या हजर होत्या.

‘नकोशी’ या नावाचा बारकाईने विचार केला तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. हे नाव मुळात त्या मुलीशी बोलतच नाही. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली, आता मुलींची रांग थांबावी आणि मुलगा व्हावा, म्हणून देवाला किंवा सटवाईला धाडलेला तो निरोप असतो. नवस बोलायचा तर नारळ लागतो, कोंबडं लागतं. हा निरोप फुकटात जातो, फक्त तो वाहून न्यायला एक जिवंत पोरगी लागते. पुढे मुलगा झाला की निरोप पोचला, काम झालं. पाकीट मात्र जन्मभर तसंच राहतं.

ही समजूत टिकते कशी, याचं उत्तर सोपं आहे. जगभर नैसर्गिकपणे साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. मुलीचं नाव नकोशी ठेवा, राजकन्या ठेवा नाहीतर काहीच ठेवू नका, पुढचं मूल मुलगा असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्तच आहे. ज्या घरात मुलगा होतो तिथे नावाला श्रेय मिळतं आणि ती हकिगत शेजारच्या गावापर्यंत जाते. ज्या घरात पुन्हा मुलगी होते, तिथे कुणी म्हणत नाही की नाव फुकट गेलं. दोनातल्या एका वेळेला लागू पडणारं औषध गावात शंभर वर्षं चालतं.

आणि हे केवळ साताऱ्याचं दुखणं नाही. हरियाणात ‘भतेरी’ आहे, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात ‘धापू’, पोट भरलं. आणि जरा शिकलेल्या घरात ‘अंतिमा’, म्हणजे शेवटची. तमिळनाडूत ‘वेंडाम’, नको. कोरियातल्या जुन्या पिढीत ‘मालजा’ असायच्या, शेवटची पोर. चीनमधल्या ‘चाओदी’चा अर्थ धाकट्या भावाला बोलावून आण. भाषा वेगळ्या, तक्रार तीच, आणि तक्रार नोंदवायची वहीही तीच.

इथे कुणी म्हणेल, मग आपल्याकडचे धोंडू, दगडू, केरबा, भिकू, फकिरा, उकिर्डा यांचं काय? तीही काही गोड नावं नाहीत. पण या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो न कळल्यामुळे पुष्कळदा भलतेच निष्कर्ष निघतात. आधीची मुलं लागोपाठ दगावली की पुढच्याचं नाव मुद्दाम घाणेरडं ठेवायचे. हा दगड आहे, केर आहे, भिकेत मिळालाय. याच्याकडे काय बघतोस, पुढे जा, असं मरणाला सांगायची ती युक्ती. काही घरांत मुलाचं नाक टोचून नथ घालत, त्याला मुलगी म्हणून वाढवत. नथू, नथुराम ही नावं त्यातूनच आली. खोटं नाव धारण करून मूल लपवलेलं असायचं, कारण ते फार हवं असायचं. त्यामुळे धोंडू या नावाखाली लाड असतात. धोंडो केशव कर्वे महर्षी झाले, भारतरत्न झाले, शंभरी ओलांडून जगले. त्यांच्या नावातला धोंडा कुणाच्या पायात आला नाही. नकोशीत लपवलेलं असं काही नसतं. जे आहे ते नावावरच लिहिलंय.

वर्ध्याकडच्या एका घरात नको असताना जन्मलेल्या मुलीला ‘चिंधी’ म्हणत. पुढे सारा महाराष्ट्र तिला सिंधुताई सपकाळ म्हणून ओळखू लागला आणि हजारभर लेकरं तिला माई म्हणाली. हे उदाहरण भाषणांतून फार वापरलं जातं, आणि मला वाटतं चुकीच्या बाजूने वापरलं जातं. ‘बघा, चिंधी नाव असूनही!’ असं सांगताना टाळ्या मिळतात. पण त्या एका चिंधीमागे किती चिंध्या चिंध्याच राहिल्या असतील, हा हिशेब कुणी मांडत नाही.

मराठीने या बाबतीत एक खोच आपल्याच क्रियापदात ठेवून दिली आहे. बाळाचं नाव ठेवतात आणि माणसाला नावं ठेवतात. एकवचनात संस्कार, अनेकवचनात निंदा. नकोशीच्या बाबतीत दोन्ही एका दमात उरकतं. बारशाचा विधी आठवा. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजतात, आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवतात, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बायका बाळ एकमेकींच्या हाती देतात. मग आत्या बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगते आणि मागच्या बायका ‘कुर्रर्र’ करत तिच्या पाठीत धपाटे घालतात. नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारायचं नाही, ते कानात सांगायचं. ज्याचं आहे त्याला आधी कळलं पाहिजे, गावाला मागून. फार नाजूक समज आहे यात. आता त्याच जागी वाकून आत्याने काय पुटपुटायचं? नकोशीचं बारसं धड झालं तर हे करावं लागतं, आणि नाही झालं तर हाक मारता मारता नाव आपोआप चिकटतं. दुसरी वाट सोयीची असते, कारण तिथे नाव ठेवल्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

नावाच्या अक्षरांत काही शक्ती असते का, हा प्रश्न मी लवकर संपवते. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढायचं, ही आपली पद्धत: २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, १०८ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. ‘ङ’वरून नाव कुठून आणणार? हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. तिथे गुरुजी शेजारचं अक्षर सुचवतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय नावरस नाव पत्रिकेत आणि हाकेचं नाव वेगळं, हे घराघरांत चालतं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. घरच्यांनी ‘बाळ’ म्हटलं, आणि तेच राहिलं. पाश्चात्त्यांकडेही अशी एक हौस आहे. डेनिस नावाचे लोक डेंटिस्ट जास्त होतात, असं २००२ साली काही अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलं आणि ते खूप गाजलं. २०११मध्ये युरी सायमनसन यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून दाखवलं की यातला बराचसा परिणाम नावांच्या पिढीगत चलनामुळे दिसतो: एखादं नाव ज्या पिढीत भरपूर असतं, ती पिढी ज्या धंद्यांत भरपूर असते, तिथे ते नाव भरपूर सापडणारच. आपल्याकडेही सुनील आणि संजय नावाचे बँक मॅनेजर एके काळी पैशाला पासरी होते. त्यात ‘स’ची करामत नव्हती, तेव्हाची मुलंच सुनील आणि संजय होती.

अक्षरं काही करत नाहीत. कान करतात. नाव ऐकून समोरच्याच्या डोक्यात एक चित्र उभं राहतं आणि तो त्या चित्राशी वागू लागतो. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. अर्जातला मजकूर सारखा, नावं काही गोऱ्या वळणाची, काही काळ्या वळणाची. गोऱ्या नावांना बोलावणं ५० टक्के जास्त आलं. हे २००४मध्ये छापून आलं. पाठोपाठ भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ६६ आठवडे ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले. तिथे आडनावाची परीक्षा होती. उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जदाराला बोलावणं येण्याची शक्यता एक धरली, तर दलित आडनावाला ती ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाली. शिक्षण तेच, अनुभव तोच. बदललेली होती ती फक्त कागदाची पहिली ओळ.

म्हणून नाव हा सत्तेचा विषय आहे, हे आपल्याकडे फार आधी कळलेलं होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला ३१वा श्लोक सरळ सांगतो: ब्राह्मणाचं नाव मंगलवाचक असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं ‘जुगुप्सित’, म्हणजे ऐकून किळस यावी असं. हाक मारताच पायरी कळली पाहिजे, ही व्यवस्था. गंमत म्हणजे दोनच श्लोक पुढे तो स्त्रियांच्या नावांबद्दल म्हणतो की ती उच्चारायला सोपी, मनोहर, मंगल आणि आशीर्वादासारखी असावीत. मुलीचं नाव नकोशी ठेवणारं घर इथे मनूच्याही पुढे गेलं.

हा श्लोक उलटवण्याचं काम महाराष्ट्रात एका पिढीने घराघरांत केलं. २५ डिसेंबर १९२७ला महाडला ती पोथी जाळली गेली, ते पुस्तकांत आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर पाळण्यापाळण्यांत जे झालं त्याची कुठे गाजावाजाने नोंद नाही. ज्यांच्या बापाचं नाव धोंडिबा आणि आजीचं भिकाबाई, त्या घरांत सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, गौतम आली. मुली सुजाता, प्रज्ञा, करुणा, संघमित्रा झाल्या. काही वर्षं असंही झालं असणार की हजेरी घेणाऱ्याला नव्या नावावरूनही वस्ती कळायची. नाव बदलून ओळख लपत नाही. पण ती लपवण्यासाठी बदललेलीच नव्हती. आणि मग हळूहळू त्यातली कितीतरी नावं सगळ्या आळ्यांत पसरली. आज राहुल म्हटल्यावर जात ओळखून दाखवा. जुगुप्सित नावांच्या जागी अशी नावं आणून ठेवणं, जी पुढे सगळ्यांनाच हवीशी वाटली, यापेक्षा मोठा नामांतराचा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

बायकांच्या नावांचं आणखी एक वळण लग्नात येतं. ताटात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. तांदळावर लिहिलेलं नाव संध्याकाळी गोळा करून डब्यात जातं, पण माणूस बदललेलाच राहतो. एकोणिसाव्या शतकात कल्याणची एक यमुना लग्नानंतर आनंदी झाली, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या आनंदीबाई जोशींचं नाव इतिहासात राहिलं. देवराष्ट्रे गावची दुसरी यमुना, कुर्लेकरांची, १८७३ला रानड्यांच्या घरात रमा झाली. कर्व्यांच्या घरी १८९३ला आलेल्या गोदूबाईही आनंदीबाईच झाल्या. या तिघींनी सासरच्या नावाने कर्तृत्व गाजवलं, म्हणून नामांतराला शुभ म्हणावं का? मला तसं वाटत नाही. दोन यमुना कुठे गेल्या, असा प्रश्न तरी पडला पाहिजे. पण नकोशीच्या बाजूने पाहिलं तर याच रीतीत एक फट होती. माहेरने लादलेलं नाव सासरच्या ताटातल्या तांदळांखाली पुरता यायचं. एका नावाच्या जाचातून सुटायला लग्नाची वाट पाहावी लागणं, आणि सुटका करणाऱ्यानेही नाव तिला न विचारताच ठेवणं, असा हा सौदा.

आता लग्नातलं नाव बदलणं सक्तीचं नाही आणि कायद्याने कधीच नव्हतं. पण कागदांचं काय होतं ते २०२४च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना तालुक्या-तालुक्यांत दिसलं. आधारवर सासरचं नाव, बँकेच्या पासबुकात माहेरचं, रेशनकार्डावर तिसरंच. एकाच बाईच्या तीन बाया झालेल्या.

म्हणून ज्यांना खरोखर नाव बदलायचं आहे, मुलीचं असो की स्वतःचं, त्यांच्यासाठी कागदाची वाट नीट सांगायला हवी. साताऱ्यासारख्या कार्यक्रमात मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला चांगलं. त्याच्यावर बँकेत खातं उघडत नाही.

सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे जन्मानंतरची. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो आणि तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं; नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते. पुढे १२ महिन्यांत ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन नाव विनाशुल्क घालून मिळतं, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. गावातली गडबड नेमकी इथे होते. कोरा रकाना कोराच राहतो, अंगणवाडीत ताई आईला विचारतात ‘नाव काय?’, आई घरातली हाक सांगते, आणि तेच लसीकरणाच्या कार्डावरून पहिलीच्या प्रवेश अर्जात उतरतं. ‘नकोशी’ हे नाव कुणी ठरवून सरकारदरबारी नेलेलंच नसतं पुष्कळदा. ते असंच घरंगळत जातं. आजीने रागाने किंवा सवयीने मारलेली हाक, आणि सहा वर्षांनी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये निळ्या शाईत.

जनरल रजिस्टर ही नावाची खरी कुंडली. दाखला त्यावरून निघतो, दहावीच्या परीक्षेचा अर्ज त्यावरून भरला जातो, जातीच्या दाखल्यालाही तोच आधार. मूल शाळेत शिकत असेपर्यंत पालकांच्या अर्जावर, पुराव्यांसह, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन त्यात बदल होतो. आदेशाचा क्रमांक आणि तारीख घालून. शाळा सोडल्यावर तेच काम फार जड जातं; तेव्हा लेखनिकाची चूक वगळता नोंद सहसा हलत नाही. म्हणून सातवी-आठवीत करून टाकावं. शेवटची गाडी म्हणजे दहावीचा अर्ज. बोर्डाकडून शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे मुलांच्या नोंदींची तपासायची यादी, येते तेव्हा पालकांनी स्वतः जाऊन आपल्या मुलीची ओळ अक्षर न् अक्षर वाचावी. गुणपत्रिका छापून आल्यावर विभागीय मंडळाच्या खेपा सुरू होतात.

रजिस्टरच्या आधी लागतं ते राजपत्र. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची सूचना प्रसिद्ध होते. अर्ज ऑनलाइन भरता येतो, अज्ञान मुलीसाठी आई-वडील किंवा पालक अर्ज करतात. जुन्या नावाचा पुरावा, बदलाचं कारण, फोटो आणि ठरलेलं शुल्क. काम किचकट नाही. घोटाळा होतो तो जुन्या नावात. आधारवर ‘नकुशा’, दाखल्यावर ‘नकोशी’, रेशनकार्डावर ‘नकुसा’ असं असताना सूचनेत एकच जुनं नाव लिहिलं, तर उरलेल्या दोन कागदांवरची मुलगी राजपत्राला ओळखत नाही. सगळी जुनी रूपं ‘उर्फ’ लावून एकाच सूचनेत घालावीत. दुसरी चूक इंग्रजी स्पेलिंगची. वैशालीत एक ‘ए’ की दोन, शेवटी ‘आय’ की डबल ‘ई’, हे आधी कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांनी कायम करावं. अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून जादा अक्षर घालणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, ते अक्षर भाग्य उघडेल न उघडेल, आधारचा मेळ मात्र नक्की बिघडवेल.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी मात्रा-वेलांटीच्या दुरुस्तीत खर्च करू नये. पहिलं नावच समूळ बदलायचं तर राजपत्राची प्रत आणि जुन्या नावाचा ओळखपुरावा दोन्ही न्यावेत. क्रम असा धरावा: राजपत्र, मग शाळेचं रजिस्टर, मग आधार, मग रेशनकार्ड आणि बँक. उलट्या क्रमाने गेलं की मधल्या काळात शाळेच्या ऑनलाइन नोंदीत मुलीचं नाव आधारशी जुळत नाही, आणि शाळेतली पटावरची मुलगी सरकारी संगणकाच्या लेखी जुळत नसलेल्यांच्या यादीत जाते. नकोशीला हे नवीन नसलं तरी.

जन्माच्या मूळ नोंदवहीचा एक नियम इथे सांगितलाच पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यातलं १५वं कलम म्हणतं की चुकीची नोंद दुरुस्त करायची तर मूळ नोंदीला हात लावायचा नाही. समासात दुरुस्ती लिहायची आणि निबंधकाने तारखेसह सही करायची. खाडाखोड करून खोटे दाखले निघू नयेत म्हणून हे योग्यच आहे. पण दुरुस्त झालेली अशी एखादी नोंद उघडली तर आधी काय झालं होतं, तेही त्याच पानावर वाचायला मिळतं.

त्याच नोंदवहीत अलीकडे दुसरा एक बदल झाला. मार्च २०२४मध्ये राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं. आजवर मराठी माणसाच्या नावात मधली जागा बापाची होती, आई लागायची ती फक्त दाखल्यातल्या वेगळ्या रकान्यात. नकोशी नाव ठेवणाऱ्या घरात मुली जन्माला घातल्याचा दोष जिच्या माथी मारला जायचा, तिचं नाव आता मुलीच्या नावाला चिकटून चालेल.

कागद झाले तरी तोंडं राहतातच. घरातले, भावकीतले, पाराजवळचे जुनी हाक सोडत नाहीत. त्यात दुष्टावा असतोच असं नाही, जिभेला वळण पडलेलं असतं. नवं नाव रुजवायची सगळ्यात सोपी जागा पुन्हा शाळाच आहे, कारण हजेरीपट दर जूनमध्ये नव्याने लिहिला जातो. घर, गल्ली, गाव यांच्याकडे असं कोरं पान वर्षातून एकदा येत नाही. म्हणून नामांतराचा आदेश शाळा उघडण्याआधी मुख्याध्यापकांच्या हातात पडेल असं पाहावं, म्हणजे गुरुजी नवा पट आखतानाच नवं नाव उतरवतात, वर्गात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

मग पहिला दिवस उजाडतो. गुरुजी क्रमाने नावं घेत येतात आणि ‘वैशाली?’ म्हणतात. वर्ग क्षणभर गप्प राहतो. शेजारची मुलगी कोपराने ढोसते तेव्हा कुठे तिच्या लक्षात येतं की आपल्यालाच बोलावलंय.